भाग बदलायचा की अख्खं यंत्र? छोट्या लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरची गोष्ट

माझगावातून, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या खोलीतून आणखी एक एपिसोड. मध्येच लोकलचा हॉर्न ऐकू आला असेल तर सांभाळून घ्या. खिडकी बंद केली होती, पण हार्बर लाइन कुणाचं ऐकत नाही. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलंय.

आजचा प्रश्न वरवर पाहता अगदी इंजिनिअर लोकांचा आहे. वायफायचा राउटर, सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातला एखादा मीटर अशा छोट्या यंत्रांत बऱ्याचदा लिनक्स चालतं. त्या लिनक्समध्ये नवीन सॉफ्टवेअर घालायचं, जुनं बदलायचं, तर कशाने? त्या साधनाला पॅकेज मॅनेजर म्हणतात, आणि कुठला निवडावा यावर लोक गेली पंचवीस वर्षं भांडतायत. या भांडणातला मला सगळ्यात आवडणारा तुकडा आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेपर्यंत जातो. तिथपर्यंत पोहोचायला जरा वेळ लागेल, पण थांबा.

आधी पॅकेज मॅनेजर म्हणजे काय ते बघू. तुमच्या फोनवर प्ले स्टोअर आहे. तिथलं प्रत्येक ॲप साधारणपणे स्वतःचा डबा घेऊन येतं, त्याला लागणारं बरंचसं सामान त्यातच असतं. लिनक्सची पद्धत वेगळी. तिथे एका ओट्यावर सगळ्यांचा स्वयंपाक. दहा प्रोग्रॅमना एकच लायब्ररी लागत असेल तर ती एकदाच ठेवायची आणि सगळ्यांनी वापरायची. जागा वाचते, पण एकाने मीठ बदललं की सगळ्यांची आमटी बदलते.

आमच्या इथून रे रोडच्या बाजूला गेलात की दारूखाना लागतो. मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान तिथे वर्षानुवर्षं विकलं जातं. साखळ्या, पंप, व्हॉल्व्ह, पितळी दिवे, काय वाटेल ते. समजा, तुम्ही तिथून एक पंप उचललात. घरी आल्यावर कळतं, त्याला ठरावीक मापाचाच पाइप लागतो. पाइप शोधलात तर त्याचे आटे वेगळे. आट्यांचा जोड मिळाला तर त्यातलं वॉशर कुणाकडेच नाही. सॉफ्टवेअरमध्ये या प्रकाराला डिपेंडन्सी म्हणतात. पॅकेज मॅनेजर म्हणजे असा दुकानदार, ज्याच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे 'याला हे लागतं, त्याच्याबरोबर ते चालत नाही' असं लिहिलेलं असतं. तुम्ही पंप मागितलात की तो पाइप, जोड, वॉशर सगळं काउंटरवर ठेवतो. परत द्यायला गेलात की नेमकं कुठलं सामान कुठे बसवलं होतं हेही त्याला माहीत असतं.

मोठ्या कॉम्प्युटरवर हे काम ९०च्या दशकात मार्गी लागलं. १९९३ मध्ये इयान मर्डॉकने डेबियन सुरू केलं, त्यातून डीपीकेजी आलं. १९९५ मध्ये रेड हॅटचं आरपीएम आलं. डीपीकेजी पॅकेज बसवायचं, पण सामान शोधून आणायचं काम माणसालाच करावं लागायचं. ते ओझं एपीटीने उचललं, १९९९ च्या डेबियन २.१ पासून. आजही उबंटूवर तुम्ही 'एपीटी इन्स्टॉल' टाइप करता ते हेच. या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: डिस्कवर भरपूर जागा आहे, मेमरी आहे, आणि काही बिघडलंच तर समोर कीबोर्ड घेऊन बसलेला, बऱ्यापैकी डोकं असलेला माणूस आहे. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा.

मग लिनक्स खिशात आलं. ९०च्या दशकाच्या शेवटी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या प्रयोगशाळेत इट्सी नावाचं खिशात मावणारं प्रायोगिक यंत्र बनलं, लिनक्सवर चालणारं. पुढे ती कंपनी कॉम्पॅकने घेतली आणि २००० मध्ये कॉम्पॅकचा आयपॅक बाजारात आला. म्हणजे स्मार्टफोनचा आजोबा, फक्त फोन नसलेला. त्यात २०६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम आणि १६ एमबी फ्लॅश. होय, एमबी. तुमच्या फोनमधले दोन-चार फोटो ठेवले की फ्लॅश संपली. तो मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमसह यायचा, पण हौशी लोकांनी त्यावर फॅमिलिअर नावाचं लिनक्स चढवलं.

आता १६ एमबीत डीपीकेजी कसं बसवणार? त्याची वहीच केवढी मोठी! प्रत्येक पॅकेजचं वर्णन, फाइलींची यादी, मदतीची पानं, भाषांतरं. म्हणून या मंडळींनी डेबियनचीच रचना घेतली आणि चरबी काढून टाकली. त्यातून आयपीकेजी आलं. नावातलं 'आय' म्हणजे इट्सी. सुरुवातीला तर ती नुसती शेल स्क्रिप्ट होती, नंतर सी भाषेत लिहिली गेली. डेबियनसारखीच 'डिपेंड्स' आणि 'व्हर्जन' लिहिलेली छोटी चिठ्ठी, पण बाकी सगळं सुटसुटीत. मला हा प्रकार फार मुंबईचा वाटतो. गावचं घर तेच, फक्त दहा बाय दहात बसवलेलं.

इथपर्यंत निवडीचा निकष एकच होता: मावतं का? त्या काळी तो बरोबरच होता. पण त्याच काळात एक राउटर आला आणि निकष मावण्यापुरता राहिला नाही.

लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी. निळा-काळा, दोन शिंगांचा. २००२ च्या अखेरीस आला. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की याच्या आत लिनक्स आहे, आणि लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार कंपनीने सोर्स कोड द्यायला हवा. बराच गवगवा झाल्यावर कंपनीने तो दिला. २००४ च्या सुरुवातीला त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. पहिल्या राउटरमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. आयपॅकच्या मानानेही गरिबी! त्यातही लोकांनी पॅकेज मॅनेजर बसवला, आधी आयपीकेजी आणि पुढे त्याचाच एक फाटा, ओपीकेजी. हा फाटा ओपनमोको या खुल्या फोनच्या प्रकल्पात फुटला. त्यांचा निओ १९७३ फोन २००७ मध्ये आला होता. फोन काही चालला नाही, पण त्यांचा पॅकेज मॅनेजर जगभरातल्या राउटरांत जाऊन बसला. इतिहासात असं नेहमी होतं, मुख्य पदार्थ विसरला जातो आणि चटणी टिकते.

ओपनडब्ल्यूआरटीने जागा वाचवायला एक युक्ती केली, ती नीट समजून घेऊ. मूळ सिस्टीम स्क्वॉशएफएस नावाच्या घट्ट दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या कप्प्यात ठेवायची. तिथे काहीच लिहिता येत नाही. वरून एक पातळ पारदर्शक कागद टाकल्यासारखा दुसरा कप्पा, त्यावर लिहिता येतं. तुम्ही सेटिंग बदललंत की ते वरच्या कागदावर लिहिलं जातं. राउटर बिघडला तर कागद फाडून टाकायचा, खाली मूळ सिस्टीम जशीच्या तशी. रीसेटचं बटण बहुतेक हेच करतं.

आता यात पॅकेज मॅनेजरने मूळ सिस्टीममधली एखादी लायब्ररी अपग्रेड केली तर काय होईल? जुनी खालच्या कप्प्यात तशीच राहते, कारण तिथून पुसता येत नाही. नवी वरच्या कागदावर बसते. म्हणजे सुधारणा केली आणि जागा दुप्पट खाल्ली. ४ एमबीच्या यंत्रात अशा दोन-तीन सुधारणा केल्या की कागद भरला. आणि लायब्ररी नवी, पण तिच्यावर चालणारे काही प्रोग्रॅम जुने राहिले, तर राउटर उठतच नाही. म्हणून ओपनडब्ल्यूआरटीवाले अनेक वर्षं सांगत आले की नवं पॅकेज जरूर घाला, पण अख्खी सिस्टीम पॅकेजा-पॅकेजाने अपग्रेड करू नका. त्यासाठी पूर्ण फर्मवेअरच बदला. पॅकेज मॅनेजर द्यायचा आणि त्याचं अर्धं काम करू नका असं सांगायचं, हे ऐकायला विचित्र आहे. पण प्रामाणिक आहे.

आता येतो त्या शाळेकडे.

२००५ च्या जानेवारीत दाव्होसमध्ये निकोलस निग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. वन लॅपटॉप पर चाइल्ड, म्हणजे ओएलपीसी. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. भारत सरकारने २००६ मध्येच नकार दिला. त्या वेळचे केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी शिक्षणाच्या दृष्टीने ही योजनाच संशयास्पद आहे असं स्पष्ट सांगितलं. तरीही २००७ च्या ऑक्टोबरात भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला, आणि तो आपल्याकडे. रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत. एक खोली, एक शिक्षक, वीस-बावीस मुलं. हातात हिरवे-पांढरे, सशासारखे दोन कान असलेले लॅपटॉप. ते कान म्हणजे वायफायचे अँटेना.

लॅपटॉपचं नाव एक्सओ. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश. हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. उन्हात वाचता येईल असा स्क्रीन. (शंभर डॉलर मात्र झालेच नाहीत, किंमत १८८ च्या आसपास गेली.) आत लिनक्स होतं, फेडोरावर आधारलेलं, आणि वर मुलांसाठी बनवलेला शुगर नावाचा इंटरफेस.

फेडोरा म्हणजे आरपीएम आणि त्याच्यावर यम. यम हा तेव्हाचा सामान शोधून आणणारा दुकानदार. सगळं तयार होतं, तेच वापरायचं की! पण जरा थांबून विचार करा. यम आधी सगळ्या दुकानाची यादी डाउनलोड करतो, मग मेमरीत ती मांडून हिशेब करतो. २५६ एमबीत हा हिशेब म्हणजे घामटा. समजा, तो जमला. पॅकेज उघडलं, अर्ध्या फाइली बदलल्या, आणि बॅटरी संपली. आता लॅपटॉपमध्ये अर्धा नवा, अर्धा जुना असा संसार आहे. डेबियनवर किंवा फेडोरावर असं झालं तर आपण काय करतो? टर्मिनल उघडतो, एरर वाचतो, दोन कमांड मारतो. खैराटच्या वर्गात पहिली-दुसरीतल्या पोराने काय करायचं? आणि एका हाताने सगळे वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींनी?

मघाशी म्हटलं होतं ना, तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. समोर जाणता माणूस बसलाय, हे गृहीतक इथे कोसळतं. ओएलपीसीच्या इंजिनिअरांनी हे ओळखलं, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्यांनी काय केलं, तर आरपीएम स्वतःकडे ठेवलं. आपल्या सर्व्हरवर आरपीएमची पॅकेजं जोडून अख्खी सिस्टीम तयार करायची, तपासायची, तिच्यावर डिजिटल सही करायची, आणि मुलाच्या लॅपटॉपवर ती पूर्णच्या पूर्ण पाठवायची. ओएलपीसी-अपडेट नावाचा प्रोग्रॅम हे काम करायचा. हुशारी अशी की पूर्ण पाठवायची म्हणजे सगळे बाइट पुन्हा डाउनलोड करायचे नाहीत. नव्या सिस्टीमची फाइलवार यादी यायची, आणि जेवढ्या फाइली बदलल्यात तेवढ्याच आणल्या जायच्या. न बदललेल्या फाइली दोन्ही आवृत्त्यांनी वाटून घ्यायच्या. नवी आवृत्ती जुन्याच्या शेजारी तयार व्हायची, जुनीला हात न लावता. सगळं पूर्ण झालं की मगच पुढच्या वेळी नवीतून सुरू व्हायचं. मध्येच बॅटरी गेली तर काय? काही नाही. जुनी जागच्या जागी आहे.

आणि नवी बिघडलेली निघाली तर? एक्सओच्या स्क्रीनच्या उजवीकडे खेळासाठी चार बटणं होती: गोल, चौकोन, बरोबरची खूण, फुली. लॅपटॉप सुरू करताना गोलाचं बटण दाबून धरलं की आधीच्या आवृत्तीतून सुरू. बस्स. सात वर्षांच्या मुलाला शिकवता येईल असा उपाय. माझ्या मते एम्बेडेड लिनक्सच्या इतिहासातलं हे एक फार सुंदर बटण आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आज तुमचा ॲन्ड्रॉइड फोन पाठीमागे गुपचूप अपडेट घेतो आणि फक्त एकदा रीस्टार्ट मागतो, त्याच्याही मुळाशी शेजारी-शेजारी दोन आवृत्त्या ठेवण्याचीच कल्पना आहे. ॲन्ड्रॉइडमध्ये ती सोय २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीत आली.

ही पद्धत समजायला माझगावकराला फार लांब जावं लागत नाही. इथे १७७४ मध्ये एक छोटी सुकी गोदी बांधली गेली, तिथून आजच्या माझगाव डॉकची परंपरा सुरू होते. जहाज समुद्रात असताना खलाशी छोटीमोठी दुरुस्ती करतातच, वॉशर बदलतात, पंप खोलतात. पण तळाचा पत्रा बदलायचा असेल तर गोदीतच यावं लागतं. समुद्रात तळ उघडायचा नसतो. ओएलपीसीने हाच फरक केला. तळाशी असलेली सिस्टीम गोदीत बनणार. आणि वॉशर? त्यासाठी मुलांच्या ॲक्टिव्हिटी होत्या, म्हणजे चित्र काढायचं, लिहायचं, गाणी बनवायचं ॲप. प्रत्येक ॲक्टिव्हिटी म्हणजे एक झिप फाइल, शेपटी 'एक्सओ'. लागणारं सामान आतच. मुलाने ती स्वतः टाकायची, स्वतः काढायची, ती त्याच्याच फोल्डरमध्ये राहायची. सिस्टीमला धक्का नाही, डिपेंडन्सीची भानगड नाही.

याची किंमतही होती, ती झाकून चालणार नाही. लॅपटॉपवर यम असलं आणि कुणी त्याने काही घातलं, तरी पुढच्या अपडेटला ते पुसलं जायचं, कारण अख्खी सिस्टीमच नवी यायची. सहीची सक्ती असल्यामुळे स्वतः बनवलेली सिस्टीम चालवायची तर आधी ओएलपीसीकडून डेव्हलपर की मागवावी लागायची. कीबोर्डवर 'सोर्स दाखव' अशी खास कळ असलेल्या, मुलांनी यंत्र उघडून बघावं म्हणून बनवलेल्या लॅपटॉपला कुलूप! चोरी होऊ नये हा हेतू होता, पण मला ते आजही खटकतं. दुसरं म्हणजे, नेटशिवाय सगळं नव्याने भरायचा मार्ग होता पेन ड्राइव्हचा. चारही बटणं दाबून धरली की लॅपटॉप पूर्ण कोरा होऊन नवी सिस्टीम बसायची. मुलाने काढलेली चित्रंही गेली. आणि डबा घेऊन येणाऱ्या ॲक्टिव्हिटींनाही पुढे ठेच लागली. एक्सओचं नंतरचं मॉडेल एआरएम प्रोसेसरवर गेलं, तेव्हा ज्या झिपमध्ये जुन्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनवलेल्या लायब्ररी कोंबल्या होत्या त्या चालेनात. आरपीएमसारख्या व्यवस्थेत पॅकेजवर 'हे कुठल्या प्रोसेसरसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. झिपवर ते कोण लिहिणार?

आणि लॅपटॉपने शिक्षण सुधारलं का? पेरूमध्ये लाखो एक्सओ वाटले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा २०१२ मधला अभ्यास सांगतो की गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे बॅनर्जींची शंका अगदीच हवेतली नव्हती. पण आपण आज अपडेटबद्दल बोलतोय, आणि त्या बाबतीत ही मंडळी काळाच्या पुढे होती.

त्यानंतर उद्योगातही हाच कल आला. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने योक्टो प्रोजेक्ट जाहीर केला. योक्टोमध्ये तुम्ही एका ओळीत सांगता: पॅकेजं आरपीएममध्ये बनव, डेबियनच्या पद्धतीने बनव, किंवा आयपीके. नवखे इंजिनिअर त्या ओळीवर आठवडाभर वाद घालतात. खरं तर तिन्हींत बनलेली सिस्टीम जवळपास तीच असते. खरी ओळ वेगळीच: शेवटच्या यंत्रावर पॅकेज मॅनेजर ठेवायचा की नाही. बिल्डरूट नावाच्या दुसऱ्या साधनाने तर हा प्रश्नच निकालात काढला. ते पॅकेज बनवतच नाही, सरळ पूर्ण इमेज देतं, आणि असं का, हे त्यांच्या मॅन्युअलमध्ये समजावलंय. आरएयूसी, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर, ओएसट्री ही नावं ऐकली असतील तर ती याच वाटेवरची.

मग ओपीकेजीसारखे छोटे पॅकेज मॅनेजर संपले का? नाही. पण २०२० च्या जानेवारीत त्यांच्या बाबतीत एक भीतिदायक प्रकार उघड झाला. ग्विडो व्रॅन्केन या सुरक्षा संशोधकाने ओपनडब्ल्यूआरटीच्या ओपीकेजीत एक भोक शोधलं. गंमत बघा. राउटर पॅकेजांची यादी आणतो, तिच्यावर सही असते, ती तपासली जाते. यादीत प्रत्येक पॅकेजपुढे त्याचा हॅश असतो, म्हणजे बोटाचा ठसा. पॅकेज साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवरून यायचं, पण ठसा जुळवला की काम झालं, म्हणून कुणाला चिंता नव्हती. भानगड अशी की यादीत ठशाच्या आधी एक मोकळी जागा होती. स्पेस. ओपीकेजी ती स्पेस गाळत नव्हतं, त्यामुळे ठसा वाचायला जाऊन रिकाम्या हाताने परत यायचं. आणि ठसा नाही म्हटल्यावर? तपासणीच सोडून द्यायचं. २०१७ च्या फेब्रुवारीत घुसलेली चूक, जवळपास तीन वर्षं. मधल्या वाटेवर बसलेला कुणीही, फाइलचा आकार तेवढा जुळवून, तुमच्या राउटरवर हवं ते बसवू शकला असता, आणि तेही रूटच्या अधिकाराने. १८.०६.७ आणि १९.०७.१ या आवृत्त्यांत ते बुजवलं.

ही बातमी वाचली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला फक्त मजा वाटली होती. आता नोकरीत हाच विषय टेबलवर आलाय. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही दूध संकलन केंद्रांवर बसणाऱ्या छोट्या पेट्या बनवतो. दुधाच्या टाकीचं तापमान दर काही मिनिटांनी मोजायचं आणि सिमकार्डवरून पाठवायचं. टाकी रात्री गरम झाली आणि पेटी गप्प बसली, तर सकाळी दूध परत जातं. ज्याचं दूध गेलं त्या माणसाला पॅकेज मॅनेजर म्हणजे काय हे माहीत असायची गरज नाही, आणि नसावीच.

आमच्याकडे दोन गट पडले. एक म्हणतो, पेटीवर डेबियन टाका, एपीटी आहेच, एका लायब्ररीत भोक सापडलं की तेवढीच बदला. चुकीचं नाही ते. डेबियनची सुरक्षा टीम तुमच्यासाठी फुकट राबते, हा फार मोठा फायदा आहे. मी दुसऱ्या गटात. मी आमच्या सरांना एवढंच विचारलं, "सर, शंभर पेट्यांवर एपीटी चालवलं आणि सहा महिन्यांनी एक बिघडली, तर तिच्यात नेमकं काय काय आहे हे आपण सांगू शकू?" सर म्हणाले, "अरे, शंभरपैकी नव्वदांत तरी सारखं असेल." तीच तर अडचण. प्रत्येक पेटीने वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या नेटवर्कवर, वेगवेगळ्या क्रमाने पॅकेजं घेतली की प्रत्येकीची कुंडली वेगळी होते. आपण ऑफिसात तपासलेली सिस्टीम त्यांतल्या एकीवरही हुबेहूब नसते.

तर सध्या आमचं ठरतंय ते असं. सिस्टीम योक्टोने बनवायची, पॅकेजं आयपीकेमध्ये, पण ती आमच्या सर्व्हरवरच राहणार. पेटीत दोन कप्पे, पूर्ण इमेज, वीज गेली तरी जुना कप्पा शाबूत. नवी सिस्टीम उठली आणि तिने सर्व्हरला एक यशस्वी निरोप पाठवला तरच ती पक्की, नाहीतर तीन प्रयत्नांनंतर आपोआप जुनी. गोल बटण दाबायला तिथे कुणी नाही, म्हणून ते काम बूटलोडरला दिलं. आमचा स्वतःचा तापमान मोजणारा प्रोग्रॅम मात्र वेगळा बदलता येईल, कारण तो दर महिन्याला बदलतो आणि सिमचा डेटा मोजून मिळतो. त्यासाठी लागणारी जास्तीची फ्लॅश खरेदी विभागाला अजून पटलेली नाही. चर्चा चालू आहे.

जाता जाता राउटरवाल्यांसाठी एक बातमी. ओपनडब्ल्यूआरटीने २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या विकासाच्या मुख्य शाखेत ओपीकेजी सोडून एपीके घेतला. फोनमधल्या ॲपच्या एपीके फाइलशी याचा काही संबंध नाही, हा अल्पाइन लिनक्सचा पॅकेज मॅनेजर, नावातच घोळ. कारण असं की मूळ प्रकल्पापासून फुटलेला स्वतःचा ओपीकेजी सांभाळायला माणसं उरली नव्हती, आणि अल्पाइनवाले आपला एपीके नियमित सांभाळतात. २४.१० ही आवृत्ती अजून ओपीकेजीवरच आहे. तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून जुना राउटर आणून त्यावर प्रयोग करणार असाल तर आधी आवृत्ती बघा. जुन्या व्हिडिओतल्या 'ओपीकेजी इन्स्टॉल'वाल्या कमांड नव्या शाखेवर चालणार नाहीत, तिथे 'एपीके ॲड' लिहावं लागतं. आणि प्रयोगाआधी सेटिंगचा बॅकअप घ्या, घरचे वायफाय बंद पडल्यावर कुणाला शोधतात ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या भागात बूटलोडर. प्रश्न असतील तर पाठवा, व्हॉइस नोट चालेल. भेटू.